विषयपत्रिका कामांच्या यादीतून निघावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, प्रत्येक संस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्टच्या अखेरीपासून राज्यभरातील गृहनिर्माण संस्थांच्या सूचना फलकांवर सभेच्या नोटिसा लागू लागतात. या नोटिसा सवडीने वाचण्यासारख्या असतात. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, हिशेबपत्रके स्वीकारणे, लेखापरीक्षकाची नेमणूक करणे आणि सर्वांत शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे’ हा क्रम सगळीकडे ठरलेला असतो, आणि गेल्या वर्षीची नोटीस शेजारी ठेवली तर बहुतेक ठिकाणी केवळ तारखा बदललेल्या आढळतील. सभासदांच्या मनातला विषय, मग तो गच्चीच्या गळतीचा असो, पार्किंगचा असो की पुनर्विकासाचा, त्या नोटिशीत सापडत नाही. तो ‘ऐनवेळी’ येतो, निम्मे लोक उठून गेल्यावर येतो, आणि आवाज चढवून येतो.

मी ठाण्यातील एका गृहनिर्माण संस्थेत मानद सचिव म्हणून काम पाहतो. आमच्या समितीने संस्थेची कामे आणि सभांच्या विषयपत्रिका मोबाइलवरील एका कार्यनियोजनाच्या ॲपमध्ये ठेवण्यास सुरुवात केली, त्या अनुभवाच्या आधारे काही गोष्टी आपल्या वाचकांपुढे, विशेषतः अशीच बिनपगारी जबाबदारी सांभाळणाऱ्या मंडळींपुढे, मांडाव्यात असे वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, विषयपत्रिका सभेच्या आदल्या आठवड्यात आठवून आठवून लिहिण्याची पद्धत बंद व्हावी आणि ती संस्थेच्या अपुऱ्या कामांच्या यादीतून निघावी. त्यासाठी आज मिळणारी साधी, बहुतांशी विनामूल्य ॲप पुरेशी आहेत. मात्र ती कशासाठी वापरायची आणि कशासाठी नाही, याचा निर्णय समितीने डोळसपणे घ्यायला हवा.

आजची स्थिती अशी आहे की, संस्थेचा दैनंदिन कारभार व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालतो आणि औपचारिक कारभार प्रोसिडिंग बुकात, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीत, नोंदला जातो, आणि या दोहोंच्या मध्ये काम हरवते. ग्रुपवर रात्री कोणीतरी लिहितो की, पाण्याचा पंप आवाज करतो आहे. त्यावर पाचसहा जण आपापले निदान कळवतात, एक सदस्य ‘उद्या बघतो’ असे लिहितो, आणि सकाळी सुप्रभातच्या फुलांखाली तो सगळा संवाद वर सरकून जातो. यात कोणी खोटे बोललेले नसते. ‘उद्या बघतो’ म्हणणाऱ्याने कदाचित पंप पाहिलेलाही असतो. पण पंपाचे पुढे काय झाले हे आठवड्याने विचारले तर ग्रुपवर शोधून ‘पंप’ हा शब्द असलेले तीस संदेश मिळतात आणि काम झाले की नाही याचे उत्तर मिळत नाही, कारण संवादाला शेवट नसतो आणि कामाला असावा लागतो.

प्रोसिडिंग बुकाची अडचण वेगळी आहे. तिथे भाषा नेमकी असते, ठरावाला क्रमांक असतो, सूचक आणि अनुमोदक असतात, आणि तरीही शेवटचे वाक्य बहुधा ‘याबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी असे सर्वानुमते ठरले’ हेच असते. योग्य म्हणजे कोणती, ती कोणी करायची आणि केव्हापर्यंत, यांपैकी काहीही त्या वाक्यात नाही. सर्वानुमते मंजूर झालेल्या अशा ठरावांची अंमलबजावणी पुढच्या सभेपर्यंत कोणी पाहत नाही, आणि पुढच्या सभेत ‘मागील इतिवृत्त कायम करणे’ हा विषय हात वर करून दोन मिनिटांत उरकला जातो. वास्तविक तिथेच थांबून मागच्या प्रत्येक ठरावाचे काय झाले हे विचारायला हवे. सरकारी कचेऱ्यांत आणि नगरपालिकांत अनुपालन अहवाल नावाची गोष्ट निदान कागदोपत्री तरी असते. गृहनिर्माण संस्थांत तीही क्वचितच दिसते.

ॲप कोणते हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात आणि मला तो सर्वांत कमी महत्त्वाचा वाटतो. २०११ साली आलेल्या ट्रेलोसारख्या ॲपमध्ये एक फलक असतो, त्यावर उभे रकाने असतात आणि प्रत्येक काम हे एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवता येणारे कार्ड असते. टूडूइस्ट किंवा मायक्रोसॉफ्ट टू डू यांत याद्या आणि उपयाद्या असतात. गूगल टास्क्स मुळात एकट्या माणसाच्या वापरासाठी बेतलेले असल्याने समितीपेक्षा एखाद्या सचिवाला स्वतःपुरते बरे. समितीला लागते ते एवढेच की, यादी सर्व सदस्यांना एकाच वेळी दिसावी, प्रत्येक कामाला एक नाव आणि एक तारीख जोडता यावी, कागदपत्राचा फोटो त्याच ठिकाणी ठेवता यावा आणि सगळे मराठीत लिहिता यावे. हे यांपैकी बहुतेकांत होते.

आम्ही फलकावर चार रकाने ठेवले आहेत: आलेले विषय, समितीपुढे, चालू आणि पूर्ण. सभासदाचे पत्र आले, वॉचमनने तक्रार सांगितली, ग्रुपवर कोणी काही लिहिले, लेखापरीक्षकाने शेरा मारला, की त्याचे एक कार्ड पहिल्या रकान्यात पडते. यात निवड करायची नाही, हा नियम महत्त्वाचा आहे, कारण कोणती तक्रार क्षुल्लक हे सचिवाने एकट्याने ठरवायला सुरुवात केली की यादीवरचा विश्वास जातो. दर आठवड्याला अध्यक्ष, खजिनदार आणि सचिव असे तिघे मिळून हा रकाना रिकामा करतात. दिवा बदलण्यासारखे काम असेल तर ते थेट ‘चालू’त जाते. पैशाचा, धोरणाचा किंवा दोन सभासदांमधल्या वादाचा प्रश्न असेल तर तो ‘समितीपुढे’ जातो. संस्थेच्या कक्षेतच नसलेला विषय असेल, उदाहरणार्थ एखाद्या सदनिकेच्या आतल्या दोन भावांच्या वाटणीचा, तर तसे लेखी उत्तर देऊन कार्ड बंद केले जाते.

‘चालू’ रकान्यावर मर्यादा हवी. फलक आणि कार्डांची ही पद्धत ज्या ‘कानबान’ नावाच्या जपानी रीतीवरून आली, ती टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी रुजवली. तिचा गाभा असा आहे की, पुढच्या टप्प्याने मागणी केल्याशिवाय मागच्या टप्प्याने नवे काम ढकलायचे नाही. ॲप वापरणारे कार्डे उत्साहाने उचलतात आणि हा गाभा मात्र सोडून देतात. नोकरी-व्यवसाय सांभाळून संध्याकाळी संस्थेचे काम पाहणाऱ्या समितीच्या हाती एकावेळी वीस कामे ‘चालू’ असतील, तर त्यांतले एकही चालू नाही असे खुशाल समजावे. मोजकीच कामे हाती घ्यावीत, बाकीची रांगेत आहेत हे सभासदांना उघड सांगावे, आणि रांगेचा क्रम समितीने सभेत ठरवावा. मग ‘माझ्या तक्रारीचे काय झाले’ या प्रश्नाला टोलवाटोलवी करण्याची गरज उरत नाही.

प्रत्येक कार्डावर नाव एकाचेच असावे, याबाबतीत मी हट्टी आहे. ‘खजिनदार व सचिव’ असे लिहिले की खजिनदार सचिवाकडे पाहतो आणि सचिव खजिनदाराकडे. मदत दहा जणांची घ्यावी, पण विचारायचे कोणाला हे एकाच नावाने ठरावे. त्या नावाशेजारी तारीख, आणि ज्या ठरावातून ते काम निघाले त्याचा क्रमांक व सभेचा दिनांक, एवढे असले की कार्ड आणि प्रोसिडिंग बुक एकमेकांना बांधले जातात. आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी लागते, ती म्हणजे काम ‘पूर्ण’ केव्हा म्हणायचे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचेच घ्या. प्रत्यक्ष पाहणी, तीन ठेकेदारांची कोटेशने, त्यांचा तुलनात्मक तक्ता, समितीचा किंवा रक्कम मोठी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव, कार्यादेश, टप्प्याटप्प्याने रक्कम देणे, अशा पायऱ्या त्या एकाच कार्डाच्या आत उपयादी म्हणून येतात. ठेकेदार परांची उतरवून गेला म्हणजे काम संपले असे आपण धरतो. आमच्याकडे ते कार्ड पहिला मोठा पाऊस होऊन वरच्या मजल्यावरील सदनिकांची छते पाहिल्याशिवाय शेवटच्या रकान्यात सरकत नाही, आणि ठेकेदाराची शेवटची रक्कमही तोवर दिली जात नाही. हमीपत्राचा फोटो त्याच कार्डावर चिकटवलेला असतो, त्यामुळे चार वर्षांनी छत पुन्हा ओले झाले तर हमीची मुदत शोधण्यासाठी कपाट उचकावे लागत नाही.

आता विषयपत्रिकेकडे येतो. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीनुसार, समितीची सभा महिन्यातून किमान एकदा व्हायला हवी आणि तिची सूचना पूर्ण तीन दिवस आधी सदस्यांना मिळायला हवी. ही सूचना तयार करताना सचिवाने ‘समितीपुढे’ हा रकाना उघडावा आणि त्यातले एकेक कार्ड वाचून स्वतःला विचारावे की, सभेने याबाबत नेमके काय करावे अशी माझी अपेक्षा आहे. ‘पार्किंगबाबत चर्चा करणे’ ही विषयाची ओळ झालेली नाही, ती केवळ भांडणाची जाहिरात आहे. ‘सभासदाच्या दुसऱ्या चारचाकीसाठी मासिक शुल्क किती असावे आणि ते कोणत्या महिन्यापासून घ्यावे, हे ठरवणे’ असे लिहिले की, सदस्य आकडा मनाशी धरून येतात, शेजारच्या संस्थेत किती घेतात याची चौकशी करून येतात, आणि चर्चा अर्ध्या वेळेत संपते. ओळीच्या शेवटी ‘ठरवणे’, ‘मंजुरी देणे’, ‘निवड करणे’ किंवा ‘माहितीसाठी’ यांपैकी काय लिहायचे हे कळत नसेल, तर त्या विषयाची तयारी झालेली नाही आणि तो पुढच्या महिन्यावर जावा, असा साधा निकष आम्ही लावतो.

प्रत्येक विषयापुढे तो कोण मांडणार त्याचे नाव आणि अंदाजे किती मिनिटे लागतील हेही लिहावे. मिनिटे पाळली जातीलच असे नाही, आमच्याकडेही नेहमी पाळली जात नाहीत, पण पाच मिनिटांचा विषय अर्धा तास चालला हे लिहिलेल्या आकड्यामुळे सर्वांच्या लक्षात येते. क्रमही विचारपूर्वक लावावा. ‘चालू’ रकान्यातील कामांचा आढावा सर्वांत आधी घ्यावा, कारण मागील इतिवृत्त कायम करण्याला खरा अर्थ त्यानेच येतो. त्यानंतर सर्वांत अवघड निर्णय घ्यावा आणि किरकोळ मंजुऱ्या शेवटी ठेवाव्यात. सर्वत्र याच्या उलट चालते. रंगाची छटा आणि गणेशोत्सवाचा मंडप यांवर तासभर जातो, आणि लाखो रुपयांचा दुरुस्ती ठेका गणपूर्तीपुरती डोकी उरलेली असताना मंजूर होतो.

सर्वसाधारण सभेसाठी हीच रीत अधिक उपयोगी पडते. वार्षिक सभेची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. म्हणून त्याच्याही दोनतीन आठवडे आधी सभासदांकडून विषय मागवावेत, आलेल्या प्रत्येक विषयाचे कार्ड करावे, आणि तो विषयपत्रिकेत घेतला की नाही व का, हे संबंधित सभासदाला कळवावे. ज्या विषयांना कायद्याने, नियमांनी किंवा उपविधींनी रीतसर पूर्वसूचना लागते, ते ‘ऐनवेळच्या’ शीर्षकाखाली घेता येत नाहीत; त्यामुळे सभेत मध्येच उठून मांडलेला आणि उत्साहाच्या भरात मंजूर झालेला ठराव सहकार विभागाच्या उपनिबंधकांकडे तक्रार गेल्यावर टिकेल याची खात्री नसते. विषय वेळेवर नोंदवण्याची उघड आणि विश्वासार्ह सोय असेल, तर शेवटच्या शीर्षकाखाली अभिनंदनाचे आणि श्रद्धांजलीचे ठराव तेवढे उरतील. ते तिथेच शोभतात.

ॲपचा ज्याबद्दल फारसे बोलले जात नाही असा उपयोग म्हणजे ठरावीक काळाने परत येणाऱ्या तारखा. ज्या इमारतींना अग्निशमन यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांना महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैमध्ये, असे वर्षातून दोनदा, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ठेकेदाराच्या बिलातून कापलेला टीडीएस पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत भरायचा असतो. लेखापरीक्षणात दाखवलेल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल ‘ओ’ नमुन्यात मुदतीत पाठवायचा असतो. लिफ्टची तपासणी, विमा, पाण्याच्या टाक्यांची सफाई, मुदतठेवींच्या नूतनीकरणाच्या तारखा ही यादी प्रत्येक संस्थेत थोडीफार वेगळी पण लांबच असते. यातली मासिक कामे सवयीने होतात. चुकतात ती लांब अंतराची. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरील इमारतीची दर तीन वर्षांनी व्हायला हवी. समितीची मुदतही पाच वर्षांचीच असते. ज्या समितीने तपासणी करवून घेतली ती पुढच्या तपासणीच्या वेळी पदावर नसण्याचीच शक्यता अधिक, आणि माणसाची आठवण पदाबरोबर जाते. ‘दर तीन वर्षांनी’ असे एकदा नोंदवून ठेवलेले आवर्ती कार्ड सहा महिने आधी वर येते आणि समितीत त्या वेळी कोण आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. माझ्या मते एवढ्या एका उपयोगासाठीदेखील जुन्या इमारतींच्या संस्थांनी ही पद्धत स्वीकारावी.

आता मर्यादा. ॲपमधील नोंद ही नोटीस नव्हे आणि इतिवृत्तही नव्हे. उपविधींनी सांगितलेल्या रीतीनेच सूचना गेली पाहिजे, फलकावर लागली पाहिजे, आणि अध्यक्ष व सचिवांच्या सह्या असलेले प्रोसिडिंग बुक हेच संस्थेचे दप्तर राहिले पाहिजे, कारण सभासदाला जे पाहण्याचा कायदेशीर अधिकार आहे ते इतिवृत्त आहे, सचिवाच्या मोबाइलवरील रंगीत कार्डे नव्हेत. स्मार्टफोन न वापरणारे ज्येष्ठ सभासद प्रत्येक संस्थेत असतात, आणि संस्थेच्या कारभाराकडे सर्वांत बारकाईने लक्ष असते तेही त्यांचेच. त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा ‘चालू’ आणि ‘पूर्ण’ रकान्यांची छापील प्रत जिन्यालगतच्या फलकावर लावणे हा काही मोठा खर्च नाही. आमच्याकडे तो कागद ॲपपेक्षा जास्त वाचला जातो, आणि चुकाही त्यावरच दाखवून दिल्या जातात.

थकबाकीदारांची नावे, सदनिकांतील कौटुंबिक वाद, भाडेकरूंची ओळखपत्रे ही माहिती अशा यादीत मुळीच टाकू नये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाल्यावरही अनेक संस्थांच्या ग्रुपवर आधार कार्डांचे फोटो सर्रास फिरताना दिसतात, तीच सवय नव्या साधनात नेऊ नये. कार्डावर ‘बी विंग, थकबाकी वसुली, तीन प्रकरणे’ एवढे पुरे. नावे फायलीत असावीत.

फुकट मिळणाऱ्या साधनाच्या अटीही वाचायला हव्यात. ट्रेलोने २०२४ पासून विनामूल्य योजनेत एका कार्यक्षेत्रावर दहाच सहकाऱ्यांची मर्यादा घातली, आणि शंभरपर्यंत सभासद असलेल्या संस्थेची समिती आदर्श उपविधींप्रमाणे अकरा जणांची असते. अकरावा कोण, यावरून एखाद्या समितीत नवा वाद उभा राहिला तर मला आश्चर्य वाटणार नाही. याहून गंभीर बाब म्हणजे ॲपच बंद पडणे. बर्लिनमध्ये तयार झालेले वुंडरलिस्ट हे यादीचे ॲप जगभर लोकप्रिय होते. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली आणि ६ मे २०२० रोजी ते बंद केले. याद्या दुसरीकडे हलवण्याची सोय दिली होती, पण ती ज्यांनी वेळेत वापरली त्यांच्यापुरतीच. खासगी माणसाची किराण्याची यादी गेली तर फारसे बिघडत नाही, संस्थेची दहा वर्षांची नोंद जाणे परवडणारे नाही. म्हणून दर तिमाहीला सर्व नोंदी उतरवून घेऊन संस्थेच्या संगणकावर आणि एक प्रत कागदावर ठेवावी. ज्या ॲपमधून नोंदी अशा बाहेर काढता येत नाहीत, ते कितीही देखणे असले तरी संस्थेने घेऊ नये.

मराठीत नोंदी ठेवण्याबाबत अजूनही लोक कचरतात, तेवढे कारण उरलेले नाही. युनिकोड मराठी सर्व प्रमुख ॲपमध्ये चालते, आणि टंकलेखन येत नसेल तर बोलूनही लिहिता येते. अडचण येते ती जुन्या इतिवृत्तांची, कारण ती त्या काळच्या फाँटमध्ये टंकलेली असल्याने नव्या संगणकावर त्यांची निरर्थक अक्षरे होतात आणि ती पुन्हा टंकण्यावाचून किंवा रूपांतर करून तपासण्यावाचून इलाज नसतो. दुसरी बाब किरकोळ आहे, पण आधी ठरवलेली बरी. ठरावांचे क्रमांक देवनागरी अंकांत लिहायचे की इंग्रजी, हे एकदा ठरवून तसेच चालवावे. एका सदस्याने एका अंकलिपीत आणि दुसऱ्याने दुसऱ्या अंकलिपीत लिहिले, तर शोध घेताना निम्म्या नोंदी सापडत नाहीत.

केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘सभासार’ नावाचे साधन आणले. ग्रामसभेच्या ध्वनिमुद्रणावरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ते इतिवृत्ताचा मसुदा तयार करते. लवकरच शहरी संस्थांनाही अशी साधने हवीशी वाटतील आणि त्यात गैर काही नाही. सचिवाचा लिहिण्याचा त्रास त्याने वाचेल. पण सभेत ‘योग्य ती कार्यवाही करावी’ एवढेच बोलले गेले असेल, तर यंत्रही तेवढेच लिहून देईल. नाव आणि तारीख सभेतच उच्चारली गेली पाहिजे, आणि त्यासाठी अध्यक्षांनी प्रत्येक विषय संपवताना ‘कोण आणि केव्हापर्यंत’ असे मोठ्याने विचारण्याची सवय लावून घेतली पाहिजे. या दोन शब्दांनी आमच्या सभांचा जेवढा वेळ वाचला तेवढा कोणत्याही ॲपने वाचवलेला नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

सहकार कायद्यातच कलम २४ अ नुसार सभासद व पदाधिकाऱ्यांच्या शिक्षण-प्रशिक्षणाची तरतूद आहे, आणि जिल्हा गृहनिर्माण महासंघांमार्फत त्यासाठी वर्ग भरतात. त्या वर्गांत उपविधी, हिशेब आणि वसुली हे विषय चांगले शिकवले जातात. विषयपत्रिका कशी तयार करावी आणि ठरावाच्या अंमलबजावणीचा माग कसा ठेवावा, यासाठी मात्र स्वतंत्र तास असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. एखाद्या विशिष्ट कंपनीच्या ॲपची जाहिरात न करता, कोऱ्या कागदावरही चालेल अशी चार रकान्यांची पद्धत तिथे शिकवावी, अशी महासंघांना विनंती आहे. छोट्या, वीसपंचवीस सदनिकांच्या संस्थेला ॲपची गरजही नसेल. कार्यालयातल्या फळ्यावर तिचे भागेल.

सहकार विभागाकडे एक मागणी आहे. नवी समिती निवडून आल्यावर जुन्या अध्यक्षांनी दप्तर व मालमत्ता सुपूर्द करावी, असे कलम १६० सांगते. या सुपूर्दनाम्याच्या यादीत आजही प्रोसिडिंग बुक, सभासदांच्या ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यांतील नोंदवह्या, चेकबुके, शिक्का आणि कपाटाच्या किल्ल्या असतात. पण संस्थेच्या कामांची यादी, ईमेल, बिलांचे सॉफ्टवेअर आणि बँकेचे ओटीपी आता बहुधा कोणा एका पदाधिकाऱ्याच्या खासगी खात्याला आणि खासगी क्रमांकाला जोडलेले असतात, आणि तो पदाधिकारी रुसून किंवा घर विकून गेला की नव्या समितीच्या हाती कपाटाच्या किल्ल्या येतात आणि बाकी काही येत नाही. संस्थेच्या नावाचा स्वतंत्र ईमेल आणि स्वतंत्र मोबाइल क्रमांक असावा, सर्व ॲप त्याच खात्यावर उघडावीत, आणि त्या खात्यांचे परवलीचे शब्द मोहोरबंद पाकिटात घालून सुपूर्दनाम्यात त्याची नोंद घ्यावी, एवढी एक ओळ विभागाने परिपत्रकाद्वारे या यादीत वाढवावी. सप्टेंबरच्या सभा आटोपल्यावर ज्या संस्थांत निवडणुका होतील, त्यांना तिचा लगेच उपयोग होईल.

आपला नम्र,
एका गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव,
ठाणे